जुनी होडी घेण्याआधी तिच्या पावसाळ्याची सोय बघा

तुमचा प्रश्न असा आहे: विजयदुर्ग खाडीच्या वरच्या अंगाला, पाण्याला लागून तुमचं घर. शेजारच्या काकांच्या माडांत अठरा फुटी लाकडी होडी चार-पाच वर्षं पडून आहे आणि काका ती जवळजवळ फुकटात द्यायला तयार आहेत. तुमच्या तेरा वर्षांच्या मुलाने तिच्यासाठी हट्ट धरलाय. मी जुन्या होड्यांतच लहानाचा मोठा झालो आणि आज त्याच दुरुस्त करतो, म्हणून तुम्ही विचारलंत की यात सुख किती, डोकेदुखी किती, आणि ही होडी घ्यावी का.

माझं मत घ्या असंच आहे. फक्त होडी बघायला जाण्याआधी आपल्याच आवारात एक फेरी मारा आणि पावसाळ्यात ती ठेवणार कुठे ते ठरवा. जागा सापडली नाही, तर होडी कितीही चांगली निघो, घेऊ नका.

लाकडी होडीला समुद्रापेक्षा पावसाचं भय जास्त. खाऱ्या पाण्यात मुरलेल्या लाकडाला बुरशी सहजासहजी धरत नाही. गोडं पाणी साचलं आणि हवा खेळली नाही, की तीच फळी काही पावसाळ्यांत आतून भुसभुशीत होते. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. होडी उताणी पडलेली असेल तर तो तिच्या पोटात साठतो, वरून माडाची पानं, आंब्याचा पाला पडतो, आणि नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, अरुंद कोपऱ्यात, जिथे दोन्ही बाजूंच्या फळ्या एकत्र येतात, तिथे काळा चिखल धरून राहतो. कुजायला सुरुवात होते ती तिथूनच. लोक म्हणतात समुद्राने होडी खाल्ली. मी ज्या होड्या मोडलेल्या बघितल्या त्यांतल्या बहुतेक अंगणात मेल्या होत्या.

म्हणून ठेवायची ती पालथी. खाली दोन-तीन जाड ओंडके, जमिनीपासून निदान हातभर उंच, आणि वर झापांचं, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचं, छप्पर. निळी ताडपत्री थेट होडीवर घट्ट बांधू नका. तिच्या आत वाफ धरते, घाम सुटतो आणि उघड्यावर कुजली नसती इतकी होडी झाकून कुजते. ताडपत्रीच वापरायची तर वर बांबूचा सांगाडा करून त्याच्यावर टाका, दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी ठेवा. आमच्या घरी मे महिन्याच्या शेवटी झाप विणणं आणि होडी झाकणं ही कामं घर शाकारण्याइतकीच महत्त्वाची होती. बाबा आधी होडी झाकत, मग गोठा. आईला ते पटत नसे, आणि त्यावरून दर वर्षी बोलाचाली होत.

आता होडी बघायला जा. वरचा रंग बघू नका, रंग कोणालाही देता येतो. चार माणसं घेऊन ती पालथी करा आणि बुडाच्या कण्यापासून, म्हणजे पठाणापासून, सुरुवात करा. कण्याला लागून दोन्ही बाजूंना जी पहिली फळी असते तीच सगळ्यात आधी जाते. पेचकसाच्या मुठीने दर वितीवर ठोकत चला. फणस तयार झाला की नाही ते बघायला जसं ठोकतात तसंच. धडधाकट लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं, आणि मुलाच्या कानाला हा फरक तुमच्याआधी कळेल. आवाज बदलला तिथे चांभाराची बारीक आरी टोचून बघा. पाव इंच जाऊन अडली तर काळजी नको. लोण्यात गेल्यागत आत शिरली तर त्या फळीचा तेवढा तुकडा बदलावा लागणार.

खिळ्यांच्या डोक्यांभोवती काळे डाग दिसतील. लोखंड आणि लाकडातला तुरट रस एकमेकांना लागतात, गंज सुटतो आणि खिळ्याभोवतीचं लाकूड मऊ पडतं. थोडे डाग प्रत्येक जुन्या होडीला असतात. एकाच ओळीतले सगळे खिळे काळे पडले असतील आणि फळी हाताने दाबल्यावर हलत असेल, तर तिथले खिळे उपसून जवळच नवी भोकं पाडून जस्ताचा मुलामा दिलेले नवे मारावे लागतील. हे काम कंटाळवाणं असतं, पण होतं.

खरी भीती टेरेडोची. त्याला लोक किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्याच जातीचा प्राणी आहे. लहान असताना टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून लाकडात शिरतो आणि मग आतच वाढतो, आतच पोखरतो. बाहेरून फळी शाबूत दिसते. रंध्याने वरचा पातळ थर काढला तर खाली करंगळीएवढे बोगदे दिसतात, आतून पांढऱ्या चुन्याने सारवल्यासारखे. दोन बोगदे एकमेकांना सहसा छेदत नाहीत, शेजारून वळसा घालून जातात. लहानपणी मला ते तासन्‌तास बघावंसं वाटे. तुमची होडी इतकी वर्षं कोरडी पडली आहे, त्यामुळे आतला टेरेडो कधीच मेला असेल. त्याने आधी किती खाल्लंय एवढंच बघायचं. पुढे मात्र होडी सतत खाऱ्या पाण्यात बांधून ठेवू नका. वापर झाला की वर ओढा. खाडीच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात पाणी गोडं होतं आणि गोड्या पाण्यात तो फार दिवस तग धरत नाही, हा तुमच्या जागेचा मोठा फायदा आहे. जुनी माणसं माडाची वाळकी चुडतं पेटवून बूड शेकत, त्यानेही तो मरे. रंग लावलेल्या होडीवर आणि मुलं आसपास असताना ते करू नका.

फळ्यांच्या सांध्यांचं काम मात्र मुलाला घेऊन करा. जमिनीवरच होडी सुलटी करून आत बादलीने पाणी ओता आणि बाहेरून खाली वाकून बघत राहा. पाणी जिथून झिरपेल तिथे खडूची खूण करायची. आम्ही भाऊ-भाऊ यासाठी भांडत असू, कारण गळती ज्याला आधी सापडेल त्याने ती बुजवायची असा घरचा कायदा होता आणि बुजवायला दोघांनाही आवडायचं. जुना कापूस आकड्याने ओढून काढायचा, फट कोरडी करायची, कापसाची सैलसर वात वळून तेलात भिजवायची आणि बोथट छिन्नी व लाकडी मोगरीने आत बसवायची. इथे हात आवरायला लागतो. एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकून आकसलेलं असतं, फटी रुंद दिसतात, आणि माणसाला वाटतं ठासून भरावं. ऑगस्टमध्ये फळ्या पाणी पिऊन फुगल्या की त्या जादा कापसाला जायला जागा नसते. मग फळी बरगडीवरून उचलली जाते, खिळे तुटतात. बाबा वात बसवून झाली की तिच्यावर अंगठा दाबून बघत. थोडी दबायला हवी. दबली नाही तर उपसायला लावत, संध्याकाळ झाली असली तरी.

वरून राळ आणि तेल उकळून केलेलं लुकण भरतात. हल्ली बरेच जण ही सगळी दगदग टाळायला अख्ख्या जुन्या होडीवर फायबरचा थर चढवून घेतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. जुन्या लाकडात ओल असतेच. ती आत कोंडली जाते, थर दिसायला चकचकीत राहतो आणि आतली फळी पीठ होते. नव्या, पूर्ण सुकलेल्या लाकडावर नीट केलेलं काम टिकतं, पण तुमची गोष्ट ती नाही.

बाहेरून तेल. आमच्याकडे उंडीचं तेल असायचं. किनाऱ्यावरच्या उंडीखाली पडलेली फळं पोरांनी गोळा करायची, फोडून बिया सुकवायच्या, घाण्यावर द्यायच्या. तेल हिरवट, दाट आणि कडू वासाचं. काजूच्या टरफलाचं तेलही लाकडाला उत्तम, टेरेडो त्याला लवकर धरत नाही, पण ते कातडी जाळतं. बोटांच्या बेचक्यांत लागलं की दोन दिवसांनी तिथली साल निघते. मुलाच्या हातात ते देऊ नका, आणि स्वतः लावताना रबरी हातमोजे घाला, वर कोपरापर्यंत खोबरेल चोळा.

सुखाचं आता सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात ते पहिलं होतं. आमच्या घरात नवी होडी कधी आलीच नाही. दुसऱ्याने टाकलेल्या आल्या: आधी आंब्याच्या एका खोडातून कोरलेलं डोणं, मग पात जातीची एक होडी, मग मचवा. डोणं फक्त खाडीत चाले आणि ते आम्हा पोरांचं होतं. भरती लागली की तिच्याबरोबर वर जायचं, कांदळवनाच्या फाट्यांत शिरायचं, काळुंदरं आणि शेवटे हे मासे धरायचे, कुर्ल्यांची बिळं शोधायची, आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर घरी. वल्हं नावापुरतं. दहा-बारा वर्षांच्या पोराला एवढी मोकळीक दुसरी कुठलीही वस्तू देत नाही. सायकल देते, पण सायकलला रस्ता लागतो आणि रस्त्यावर कोणीतरी ओळखीचं भेटतंच.

आणि त्या मोकळिकीला वेळेचं बंधन असतं, ते आईबापाचं नव्हे, पाण्याचं. आजोबा बोटांवर तिथी मोजत आणि तिच्या पाऊणपट करत: षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, ही पूर्ण भरतीची वेळ. हे गणित मुंबईच्या आसपास जास्त बरोबर बसतं. आपल्याकडे भरती त्याआधी येते, आणि खाडीत आत जाल तसा पुन्हा उशीर होतो. प्रत्येक वाडीचा स्वतःचा फरक असतो आणि तो मुलाने स्वतः बघून काढावा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती. उधाणाला होडी वर ओढायची किंवा पुळणीवर टेकवायची, म्हणजे ओहोटीच्या पाच-सहा तासांत बूड खरवडून होतं. तुमच्याच खाडीत गिर्ये गावाच्या हद्दीत खडक खोदून केलेली आंग्र्यांची गोदी आहे, मुलाला एकदा ओहोटीला नेऊन दाखवा. भरतीबरोबर जहाज आत घ्यायचं आणि पाणी उतरलं की कोरड्यावर दुरुस्त करायचं, हेच काम मोठ्या मापात. तुळाजी आंग्र्यांचं आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये याच बंदरात जळालं. शाळेत तारखा पाठ करून जे कळत नाही, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

जुनी होडी असल्यामुळे आम्हाला वाराही लवकर कळला. तिला जोर नव्हता, चुकीच्या वेळी बाहेर पडलं तर ती परत आणणारी नव्हती. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, त्याच्यावर बाहेर जायचं. दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो, त्याच्यावर शीड लावून परत. फेब्रुवारीपासून मेपर्यंत हे घड्याळासारखं चालतं.

डोकेदुखी मात्र भरपूर आहे आणि तीही मुलाला आधीच सांगून ठेवा. पहिली म्हणजे वाट बघणं. होडीचे सुतार आता फार उरले नाहीत, आणि सगळ्यांना ते एकाच वेळी हवे असतात. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. त्या आधीच्या आणि नंतरच्या पंधरवड्यात सुताराच्या दारात रांग असते आणि तुमची अठरा फुटी होडी त्या रांगेत शेवटची. पोराची सुट्टी संपते, होडी ओंडक्यांवरच. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो, दिवाळीनंतर या. त्या वेळी लाकूडही बरं सुकलेलं असतं आणि माझ्या हाताला सवड असते.

दुसरी लाकडाची. फळीला साग परवडला तर साग, नाहीतर ऐन किंवा किंजळ, वरच्या भागाला फणस चालतो. बरगडीला मात्र नैसर्गिक वाकाचं लाकूड लागतं, बाभळीचं किंवा उंडीचं. सरळ फळकुटातून वाक कापून काढला तर रेषा आडव्या तुटतात आणि पहिल्याच दणक्याला तिथे चीर जाते. असा वाक शोधायला कधी कधी महिने जातात. मी येता-जाता झाडांकडे त्याच नजरेने बघतो आणि मालकाला आधीच सांगून ठेवतो.

तिसरी पैशाची, आणि तिच्यापाशी आमचा मचवा संपला. त्याचा पठाणच गेला होता. कणा बदलायचा म्हणजे दोन्ही अंगांच्या फळ्या सोडवायच्या, निम्म्या बरगड्या काढायच्या. तेवढ्यात दुसरी होडी झाली असती. बाबांनी तो मोडायला काढला. वरच्या फळ्यांचा साग अजून पिवळाधमक होता, त्याचं गोठ्याचं दार झालं. खिळे आम्ही डब्यात भरले. भाऊ त्या दिवशी घरात जेवला नाही, आणि त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. तुमच्या होडीचा पठाण आरीने ठिकठिकाणी टोचून बघा असं मी सांगतो ते म्हणूनच. फळ्या, खिळे, बरगड्या, सगळं हळूहळू बदलता येतं. कणा गेला असेल तर काकांना नमस्कार करून परत या आणि मुलाला कारण नीट दाखवा.

फायबरची होडी का घेऊ नये, असं तुम्ही शेवटी विचारलंत. पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्यांनी फायबर घेतला ते योग्यच केलं. ती हलकी असते, गळत नाही, पावसात पडून राहिली तरी तिला फारसं काही होत नाही. तुम्हाला फक्त फिरायला होडी हवी असेल तर तीच घ्या. तुमचा मुलगा मात्र काकांच्या माडांत जाऊन त्या विशिष्ट होडीत बसून येतो असं तुम्ही लिहिलंत. त्याला ती हवी आहे. लाकडाचं जे बिघडतं ते तेरा वर्षांच्या हाताला दिसतं, समजतं आणि बरंचसं दुरुस्तही करता येतं.

इंजिन पहिली दोन वर्षं नको. जुनं आउटबोर्ड स्वस्तात मिळेल, लोक गळ्यात मारतील. खारं पाणी कार्बोरेटरमध्ये गेलं की रविवार त्याच्यातच जातो, आणि इंजिनाच्या भरवशावर पोर ओहोटीच्या विरुद्ध, वाऱ्याच्या विरुद्ध लांब जातं. वल्ह्यावर असेल तर तो झेपेल तेवढंच जाईल. आधी त्याला कपड्यांसकट पोहता आलं पाहिजे. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, घातलेलं आणि बांधलेलं, उशाला ठेवलेलं नव्हे. खाडीच्या तोंडाशी जायचं नाही: बाहेरून वारा आणि आतून ओहोटी समोरासमोर आली की तिथे उभ्या लाटा उठतात आणि अठरा फुटी होडीचं तिथे काही चालत नाही. कागदपत्रांसाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात विचारा. विकण्यासाठी मासेमारी करणार असाल तर १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना लागतो.

होडी पाण्यात घालायची ती नारळी पौर्णिमेच्या सुमाराला, घाई न करता. आधी उथळ पाण्यात बांधून मुद्दाम आत पाणी भरू द्या आणि दोन दिवस तशीच ठेवा. पहिल्या दिवशी ती चाळणीसारखी गळेल आणि मुलगा रडवेला होईल. फळ्या फुगतात, फटी मिटतात. तिसऱ्या दिवशी उपसून बघा. तासाभरात तांब्याभर पाणी येत असेल तर होडी तयार आहे. बादलीभर येत असेल तर वर घ्या आणि खडू शोधा.

तुमच्या पत्रात दहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख एकदाच, जाता जाता आलाय. आमच्या खाडीत कालवं काढायला बायकाच होडी घेऊन जात, आणि अरुंद फाट्यातून होडी मागे काढायची ती माझ्या आत्यानेच काढावी असा सगळ्यांचा आग्रह असे. वल्ही करून घ्याल तेव्हा तिच्या उंचीचंही एक करून घ्या. शिवणीच्या लाकडाचं करा, वजनाला हलकं होतं आणि हाताला फोड कमी येतात.